आमच्या वयाचा हिशेब

मंडळाच्या चिटणीसबाईंनी या वेळी मला सांगितले, "तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा. आपल्या बार्शीचे जुने लिहा." मी म्हटले, बाई, मी सातवी शिकलेली. इतिहास म्हटला की सनावळ्या आल्या, आणि मला तर माझी स्वतःची सनावळी ठाऊक नाही. हे मी थट्टेने बोलले, पण घरी आल्यावर ते बोलणे मनातून जाईना, कारण ते अगदी खरे होते. तेव्हा लेख त्यावरच लिहिते आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावा.

झाले असे की, २०२५ च्या उन्हाळ्यात तांदूळ निवडताना माझ्या हातून खडे सुटू लागले. पहिला खडा ह्यांच्या दाताखाली आला तेव्हा मी दुकानदाराला नावे ठेवली. दुसरा आला तेव्हा दिव्याला नावे ठेवली. मग एकदा सुईत दोरा ओवता ओवेना म्हणून मुलीला हाक मारली आणि सुई तिच्यापुढे धरली, तेव्हा मात्र मी चपापले. अगदी अशीच सुई सत्तावीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी माझ्यापुढे धरली होती. मी नवी नवरी होते. "तुझी नजर कवळी हाय, ओव," असे त्या म्हणाल्या होत्या, आणि मी मनात म्हटले होते, किती म्हाताऱ्या आहेत या! त्या वेळी त्या पन्नाशीच्याही नव्हत्या.

पुढे नेत्रतपासणीच्या शिबिरात आम्ही दोघी गेलो. मला डॉक्टर म्हणाले, "काही नाही काकू, चाळिशी लागली." आपल्या भाषेने चष्म्याला वयाचेच नाव देऊन ठेवले आहे, लपवायची सोयच नाही. त्यांनी वय विचारले. मी सेहेचाळीस सांगितले. सासूबाईंना मोतीबिंदूसाठी तपासले. "आजी, वय किती?" तर सासूबाई म्हणाल्या, "मी रझाकारातली." डॉक्टर तरुण होते. त्यांना ते कळले नाही. कार्ड बघून त्यांनी एक्काहत्तर लिहिले. बाहेर आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "कार्डावर काय बी असंल. आईनं सांगितलं ते खरं का कार्ड खरं?" या एका प्रश्नापायी पुढचे सहा महिने गेले.

आधी माझे सांगून टाकते. माझ्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९७९ आहे. आपल्या मंडळात माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या ज्या ज्या खेड्यात जन्मल्या त्यांनी आपापले दाखले काढून पाहावेत. निम्म्याअधिक जणींचा वाढदिवस १ जूनला निघेल. जून महिन्यात शाळा भरायची. बाप पोराला हाताला धरून न्यायचा, गुरुजी विचारायचे, "वय?" बाप म्हणायचा, "असंल की सहा." गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षे पुरी, आणि त्या हिशेबाने मागचे साल धरून १ जून. यात गुरुजींची काही लबाडी नव्हती. जन्माची नोंद देशभर एकाच कायद्याने बांधली गेली ती १९६९ साली, आणि तो कायदा खेड्यातल्या उंबऱ्यापर्यंत यायला आणखी बरीच वर्षे लागली.

पंचमीला माहेरी गेले तेव्हा आईला विचारले, मी नक्की कधीची? आई म्हणाली, "तू हस्ताच्या पावसात झालीस. सगळी शाळू पेरायला गेली व्हती, घरात मी आणि म्हातारी. त्याच साली म्हातारीला निराधारचे पैसे लागू झाले." संजय गांधी निराधार योजना सुरू झाली १९८० च्या ऑक्टोबरात. तेव्हा मी १९८० सालची. मग दाखल्यावर १९७९ कसे? आई हसली. "तुझा दादा शाळेत एकटा बसंना, रडायचा. मग तुला सोबत म्हणून त्याच्या संगं घातली. गुरुजींनी दोघांची सालं जुळवली."

म्हणजे मी कागदावर सव्वा वर्ष म्हातारी होते. गंमत वाटली आणि आनंदही झाला, पण एस.टी.त बसून परत येताना मी हिशेब करू लागले आणि गंमत राहिली नाही. माझे लग्न १९९८ च्या मे महिन्यात झाले. कागदाने मी तेव्हा एकोणिसाव्या वर्षाच्या टोकाला होते, आईच्या हिशेबाने साडेसतरा. मुलीला अठरा पुरी पाहिजेत हा कायदा १९७८ पासून आहे. माझ्या वडिलांनी कोणाला फसवले नाही. त्यांनी दाखला बघितला, दाखल्यावर वय भरले होते. दादा शाळेत रडला म्हणून माझे लग्न कायदेशीर झाले, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

आता आजेसासूंकडे जाते, कारण आमच्या घराचा इतिहास तिथून सुरू होतो. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या होत्या. दीड-दोन वर्षे मला त्यांचा सहवास मिळाला. त्यांना कोणी वय विचारले तर त्या म्हणायच्या, "मी मानमोडीतली." मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो जगभर पसरला, मुंबई बंदरातून आगगाडीच्या वाटेने आपल्या मुलखात उतरला आणि मुंबई इलाख्यात एकट्याने दहा लाखांवर माणसे घेऊन गेला. त्यात म्हाताऱ्यांपेक्षा भर तारुण्यातली माणसे अधिक गेली, आणि पुरुषांपेक्षा बायका अधिक. आजारी माणसाची उशापायथ्याची सेवा बायकाच करत होत्या, शिवाय अंगावर बाळंतपणे, वर दुष्काळ. १९११ आणि १९२१ या दोन शिरगणत्यांच्या मध्ये हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी कमी झाली. असे त्या आधी किंवा नंतर शंभर वर्षांत दुसऱ्या कोणत्या दशकात झालेले नाही.

त्या मानमोडीत आजेसासूंची आई गेली. आजेसासू तेव्हा अंगावर पिणाऱ्या. आणि ती आई कधीची? तर म्हणे "गाडी आली त्या सालची". बार्शीला गाडी आली १८९७ साली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी बार्शी रोडपासून, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत आणली. पुढे ती एकीकडे पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. आपल्या लहानपणी बसलो ती झुकझुक गाडी तीच. २००८ पर्यंत बार्शीच्या वाटेवर तिच्या जागी मोठी गाडी धावू लागली. तर बार्शीचा इतिहास लिहिणारे १८९७ साली गाडी आली असे लिहितात, कापसाच्या गिरण्या आणि बाजारपेठ वाढली असे लिहितात. आमच्या घरात त्या सालाचा उपयोग एवढाच की, गाडीबरोबर एक मुलगी जन्मली आणि मानमोडीबरोबर गेली. दोन्ही सालांची वजाबाकी केली तर एकवीस वर्षे होतात. तिचे नाव आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नाही.

आजेसासू एकदा दुपारी ओट्यावर बसून माझ्याकडून पायांना तेल लावून घेत होत्या. तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मला कोणी म्हातारं होऊन दावलंच न्हाई गं. आई न्हाई, सासू बी लवकर गेली. गुडगं दुखाय लागलं तवा मला वाटलं, मलाच काय तरी झालंय." मी तेव्हा अठराची सुद्धा नव्हते असे आता दिसते. मला ते नुसते म्हातारीचे बोलणे वाटले. आता चष्मा लावून हे लिहिताना त्याचा अर्थ उमगतो. त्या काळच्या किती घरांत चाळिशीपलीकडची बाई कशी असते, तिचे काय दुखते, केस कधी पिकतात, पाळी जाताना काय होते, हे पाहायला मिळतच नव्हते! १९५१ च्या सुमाराससुद्धा आपल्या देशात माणसाचे सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होते. पोरवयात मरणारी बाळे त्यात धरलेली असतात, म्हणून सगळीच माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत असे नव्हे. पण सून आली तेव्हा सासू हयात असणे ही नशिबाची गोष्ट होती. आता ते सरासरी आयुष्य सत्तरीवर गेले आहे. मला गुडघे दुखले तर काय करायचे हे सासूबाईंकडे बघून आधीच ठाऊक आहे. सासूचा जाच म्हणून आपण ओव्यांत पुष्कळ गातो. सासूचा हाही एक उपयोग आहे, तो कोणी गात नाही.

आजेसासूंचे लग्न शारदा कायद्याच्या घाईत झाले. हरबिलास शारदा यांचा कायदा १९२९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीला चौदा वर्षे पुरी पाहिजेत असे ठरले. मधल्या सहा महिन्यांत देशभर लोकांनी लगीनघाई केली, पाळण्यातल्या मुलीसुद्धा उजवल्या. आजेसासू अकरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या बापाने कायद्याच्या आत उरकून घेतले. मला वाटते, बाईच्या जन्मात वयाचा आकडा शिरला तो या कायद्यापासून. त्या आधी परकर गेला, लुगडे आले, न्हाण आले, मूल झाले, सून आली, अशी मोजणी होती. कायद्याने आकडा विचारला आणि आकडा विचारल्याबरोबर तो लपवणेही आले. पुढे मतदार यादीत, रेशनकार्डात, जिथे तिथे आकडा. पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, उत्तरेकडच्या अनेक बायकांनी परक्या माणसाला आपले नाव सांगितले नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणून लिहायला लावले, आणि अशी अठ्ठावीस लाखांच्या आसपास नावे यादीतून काढून टाकावी लागली. नावाची ही गत, मग वय कोण सांगणार?

शिरगणती करणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती. माणसे वय सांगताना वीस, तीस, चाळीस, पन्नास असे गोल आकडे सांगत, मधले एकोणतीस नि त्रेचाळीस कोणी नसेच. म्हणून गणकांना त्या त्या भागातल्या मोठ्या घटनांची यादी बरोबर ठेवायला सांगत. बाईने "धरणीकंपात झाले" म्हटले की यादीत साल बघायचे. म्हणजे आजेसासू वेडे बोलत नव्हत्या. "मानमोडी" हे उत्तर सरकारलाही चालत होते. फक्त ऐकणाऱ्याजवळ यादी पाहिजे.

सासूबाईंच्या वेळी ऐकणाऱ्याजवळ ती यादी नव्हती. आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० ला प्रथम दिले गेले. आमच्याकडे त्याचे शिबिर २०१२ साली आले. यंत्रावर बसलेल्या मुलाने साल विचारले. सासूबाई म्हणाल्या, "रझाकार." त्याने परत विचारले. मागे रांग लागलेली. कोणीतरी म्हणाले, "साठीला टेकल्यात, अठ्ठावन धर." त्याने अठ्ठावन घातले, यंत्राने १ जानेवारी १९५४ काढली. योग असा की, आपली बार्शी लाईट रेल्वे इंग्रज कंपनीकडून सरकारने ताब्यात घेतली ती १ जानेवारी १९५४ लाच. तेव्हा कागदोपत्री आमच्या सासूबाई आणि बार्शी लाईट एकाच दिवशी सरकारजमा झाल्या. ह्यांनी हा विनोद घरात बरेच दिवस चालवला. सासूबाई एकदाही हसल्या नाहीत.

त्यांचा जन्म कसा झाला ते त्यांच्या आईने त्यांना अनेकदा सांगितलेले, आणि त्यांनी मला. नव्या पिढीला म्हणून थोडे मागचे सांगते. बार्शी तालुका इंग्रजी मुलखात, मुंबई इलाख्यात. आणि बार्शीहून पूर्वेला थोडे गेले की निजामाची हद्द लागे, तो उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. लातूरला जाणारी आपली गाडी निजामाच्या राज्यातून जाई. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण निजाम सामील झाला नाही. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातुरातच वकिली केलेला. सरहद्दीवरची गावे रात्री जागू लागली. लुटालूट, जाळपोळ सुरू झाली तशी पलीकडची माणसे बैलगाड्या जुंपून बार्शी तालुक्यात पाहुण्यांकडे येऊ लागली. इकडच्या बाजूला स्टेट काँग्रेसच्या माणसांचे कॅम्प होते. घराघरांत दोन दोन, तीन तीन कुटुंबे. सासूबाईंची आई दिवस गेलेली, पावसाळ्यात अशीच भावाच्या गावी येऊन राहिली. गोठ्यात एका बाजूला गुरे, एका बाजूला तिची बाज.

१९४८ च्या १३ सप्टेंबरला, सोमवारी पहाटे, हिंदी फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या. सोलापूरकडून जनरल चौधरींची फौज नळदुर्गाच्या वाटेने गेली. १७ तारखेला शुक्रवारी निजाम शरण आला. सासूबाईंच्या आईला यातली तारीख एकही ठाऊक नव्हती. ती म्हणायची, "तू अनंताच्या आदल्या दिशी झालीस, गुरुवारी. दुसऱ्या दिशी सांजच्याला गावात आरडाओरडा झाला, मला वाटलं रझाकार आलं. मी तुला पाटीखाली झाकलं. तर लोक म्हणाया लागले, निजाम पडला."

मग दिवाळीला ती मंडळी परत आपल्या गावी गेली. सासूबाईंची आई आणखी एक गोष्ट सांगायची, तीही लिहिते, कारण ती गाळली तर लेख अर्धा होईल. त्यांच्या गावात एक मणेरीण होती. सातव्या महिन्यात तिनेच आईच्या हातात हिरवा चुडा भरला होता आणि "परत येशील तेव्हा बाळाच्या हातात काळे मणी घालीन" म्हणाली होती. परत आले तेव्हा तिच्या घराचा दरवाजा उघडा होता आणि आत कोणी नव्हते. पोलिस ॲक्शननंतर उलट बाजूने मुसलमानांवर जे झाले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. जिथे सर्वांत अधिक हानी झाली त्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. रझाकारांचे आपण नेहमी सांगतो. मणेरणीचे सासूबाई दर पंचमीला बांगड्या भरताना सांगतात.

तर १९४८ च्या हिशेबाने सासूबाईंना २०२३ सालीच पंचाहत्तर पुरी झाली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. मोफत आहे. सासूबाई दर महिन्याच्या एकादशीला पंढरपूरला जातात. तसे मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न फार मोठा नाही. पण एकदा त्यांनी कंडक्टरला "मला पंचाहत्तर झाली" म्हटले. त्याने कार्ड बघून सर्वांसमोर "आजी, कशाला खोटं बोलताय, माळ घालून?" असे विचारले. त्या दिवशी त्या घरी येऊन जेवल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी धोशा लावला की कार्ड नीट करा.

मी कचेरीच्या पायऱ्या चढले. कोणती कचेरी ते सांगत नाही. तिथे म्हणाले, जन्माचा पुरावा आणा. शाळेचा दाखला? त्या शाळेत गेल्या नाहीत. जन्मदाखला? गोठ्यात कोण देणार? आळीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे सोलापूरच्या दाते पंचांगाचे जुने गठ्ठे आहेत, त्यांनी शके १८७० चे पंचांग काढले. १७ सप्टेंबर १९४८, शुक्रवार, अनंत चतुर्दशी. आदला दिवस गुरुवार, १६ तारीख. म्हातारीचे बोलणे तिथीने, वाराने, निजामाने, तिन्ही बाजूंनी जुळले. माझ्या अंगावर काटा आला. कचेरीतल्या माणसाने पंचांग हातात घेतले, कौतुकाने पाहिले आणि परत दिले. म्हणाला, यात तुमच्या सासूबाईंचे नाव कुठे आहे?

मग आठवले की, २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला जुनी कोतवाल बुके बाहेर काढली होती. पूर्वी गावातले जन्ममृत्यू पाटलाच्या वहीत लिहीत, तेच कोतवाल बुक. मामाच्या गावचे १९४८ चे पान मिळायला दोन महिने लागले. कागद पिवळा, कडा खाल्लेल्या, शाई तांबूस. सासूबाईंच्या वडिलांचे नाव, पलीकडच्या गावाचे नाव, आणि पुढे लिहिले होते "मुलगी". जन्मतारीख १६. बस्स. मुलीचे नाव लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता. बारसे व्हायच्या आधीच नोंद होत असे.

मी ते वाचून दाखवले तेव्हा सासूबाई पुष्कळ वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आई खोटं सांगत नव्हती." पदराने डोळे पुसून पुन्हा म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचले. "मुलगी."

कचेरीचा प्रश्न मात्र तोच. ही मुलगी म्हणजे याच बाई कशावरून? सासूबाईंनी त्या माणसाला सांगितले, "त्या घरात पोरगी मी एकलीच. दुसरी कुठनं आणू?" तो बिचारा हसला. त्याचेही नियम आहेत. प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार असे काही सांगितले आहे. १९४८ चे साक्षीदार आम्ही शोधतो आहोत.

या धावपळीत मला जुन्या बायकांकडे त्यांची वये विचारायचा नादच लागला. आमची एक चुलत नणंद उस्मानाबादकडच्या खेड्यात दिली आहे. ती म्हणाली, माझे वय दवाखान्याने काढले. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे नाव आपण सगळ्या जाणतो. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांची कॅन्सर नोंदणी १९८७ पासून इथूनच होते. देशात खेड्यापाड्यांसाठी अशी नोंद पहिल्यांदा इथे सुरू झाली. पुढे १९९९ पासून मुंबईच्या टाटा रुग्णालयाबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांची मोठी पाहणी झाली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेळेवर सापडावा यासाठी वय तीस ते एकोणसाठ अशाच बायका घ्यायच्या होत्या. नणंदेला वय सांगता येईना. आलेल्या कार्यकर्तीने विचारले, "बाहत्तरच्या दुष्काळात तू केवढी होतीस?" नणंद म्हणाली, "आई खडी फोडायला जायची. मी सुकडी खायला मागनं जायची. माझे पुढचे दात पडलेले व्हते, सुकडी फटीत अडकायची." बाईने लगेच लिहिले, वय चौतीस. दुधाच्या दातांवरून!

त्या पाहणीचा निकाल २००९ साली बाहेर आला आणि जगभर गाजला. एका नव्या तपासणीने, ती आयुष्यात एकदाच केली तरी, त्या कॅन्सरने होणारी मरणे निम्म्यावर येतात असे दिसले. ज्या गावांना तुलनेसाठी तपासणीशिवाय ठेवले होते त्यांच्यावर अन्याय झाला अशी टीकाही पुढे झाली, आणि मला ती पटते. त्या गावांतल्या बायका आपल्याच होत्या. पण नणंदेचे एक वाक्य विसरण्यासारखे नाही. ती म्हणाली, "वहिनी, बाळंतपण सोडून माझ्या अंगाची चौकशी करायला कोणी आलं, ते पहिल्यांदा." सासर, माहेर, दाई, नर्स, सगळ्यांची चौकशी शेवटच्या मुलाबरोबर संपते. मूल थांबले की बाई जणू आहे तशी उभीच राहणार. तिशी ते साठी एवढी तीस वर्षे कोणाच्या वहीत नव्हती.

माझी स्वतःची पहिली सनावळी कोणती असे विचाराल तर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३. सातवी होऊन मी घरी बसले होते, पुढची शाळा गावात नव्हती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या आत भांडी खणखणली, उतरंड पडली, आणि आईने मला दंडाला धरून अंगणात ओढले. किल्लारी आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास; तिकडे दहा हजारांच्या जवळ माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सकाळी रेडिओवर कळेपर्यंत आम्हाला वाटले होते, आपल्याच गावाला काहीतरी झाले. मी आईला विचारले, "आता काय होणार?" आई म्हणाली, "काय व्हायचं? आता पोरं जन्मतील त्यांना लोक भूकंपातली म्हणतील." माझ्या धाकट्या जावेला माहेरी सगळे भूकंपातलीच म्हणतात. तिच्याजवळ जन्मदाखलाही आहे, पण हाक मारताना दाखला कोण काढतो?

आता घरात आणखी एक वाद चालू आहे. हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिले की सहस्रचंद्रदर्शन करतात, ऐंशी वर्षे आणि काही महिने लागतात. कोतवाल बुकाप्रमाणे सासूबाईंचे ते २०२९ साली येते. कार्डाप्रमाणे २०३४ ला. मुलगा म्हणतो, कार्ड दुरुस्त झाल्यावर ठरवू. सासूबाई म्हणतात, "चौतीसपर्यंत तुझ्या कार्डालाच बसव पाटावर." मी मात्र आतापासून एकोणतीसच्या हिशेबाने महिन्याला थोडे बाजूला टाकते आहे. त्यांना सोन्याची फुले उधळायची की चांदीची हे नंतर बघू.

ज्ञानेश्वरीच्या पोथीला जे कोरे पान आहे त्यावर मी घरातल्या सगळ्यांच्या तारखा लिहिल्या आहेत, आणि प्रत्येकीपुढे ती घटना. आजेसासूंच्या आईची ओळ लिहिताना नावाची जागा रिकामी सोडली आहे. भगवंताच्या देवळात दुपारी बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कोणाला आमच्या घरातले ते नाव आठवत असेल तर मला जरूर कळवावे. मुलगी म्हणाली, तुझी तारीख काय लिहू? मी म्हटले, हस्ताचा पाऊस, १९८०. आणि खाली बारीक अक्षरात १ जून पण लिही, उगाच घोटाळा नको.

कचेरीने पुढची तारीख दिली आहे. पंचांगात पाहिले तर त्या दिवशी संकष्टी आहे. सासूबाई म्हणतात, तिथे वेळ लागणार, शेंगदाण्याचे लाडू बरोबर घे आणि माझा चष्मा विसरू नकोस.